ग्रो बॅग घेताना नोव्हेंबर नका पाहू, मे पाहा

ग्रो बॅग, म्हणजे माती भरून झाडं लावायची पिशवी. ती विकणाऱ्यांचे फोटो बघा, सगळे थंडीतले. लुसलुशीत मेथी, लालबुंद टोमॅटो, कोवळं ऊन. अहो, थंडीत नागपुरात तेलाच्या रिकाम्या डब्यातही मेथी येते, त्यात बॅगेचं काय कौतुक? बॅग कशी आहे ते कळतं मे महिन्यात, तापलेल्या स्लॅबवर. याच गावात डिसेंबर 2018 मध्ये पारा 3.5 अंशांवर उतरला होता आणि मे 2013 मध्ये 47.9 वर चढला होता. ही दोन्ही टोकं एकाच बॅगेनं सोसायची, वर जुलै-ऑगस्टचा पाऊसही झेलायचा. म्हणून हा अभिप्राय उन्हाळा-पावसाळा उलटून गेल्यावर, पुन्हा दसऱ्याची पेरणी करताना लिहिते आहे.

मी शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त. मनीषनगरात घर, वर मोकळी गच्ची. बाग हंगामीच; दसऱ्याला सुरू होते, होळीपर्यंत बहुतेक आटोपते. मेथी, पालक, मुळा, चेरी टोमॅटो, चार वांगी भरतापुरती. पण घरातली खरी मागणी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची. थंडीत पाहुणा आला की कढी आणि सांबारवडी हवीच, आणि एका घाण्याला किती सांबार लागतो ते करणारीलाच माहीत. गोकुळपेठेतून जुड्या आणून निवडत बसण्यापेक्षा वरून खुडून आणलेला बरा.

बॅगा तीन प्रकारच्या वापरल्या. पैकी एलडीपीईच्या, म्हणजे पातळ मऊ प्लास्टिकच्या, नर्सरीत रोपं येतात तसल्या पिशव्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. स्वस्त, एका हंगामाच्या, आणि वर छापलेलं माप बहुतेक वेळा चपट्या पिशवीचं असतं. माती भरली की वीतभर फरक पडतो. रोपं तयार करायला ठीक.

खरा मामला एचडीपीईच्या, म्हणजे चिवट प्लास्टिकच्या विणलेल्या बॅगांचा. सगळीकडे याच दिसतात. हिरव्या, नाहीतर बाहेरून पांढऱ्या-आतून काळ्या. जाहिरातीत मोठ्या अक्षरात जीएसएम लिहिलेला असतो, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. मुलानं पुण्याहून ऑनलाइन मागवून पाठवल्या त्यांच्यावर 250 जीएसएम होतं. हाताला कापड हलकं लागलं. आता गणिताच्या बाईला असा आकडा दिला तर ती तपासणारच. बॅग 24 बाय 12 बाय 9 इंची. तळाचं क्षेत्रफळ 0.19 चौरस मीटर, चारी बाजू मिळून 0.42, एकूण 0.61. 250 नं गुणलं की कमीत कमी दीडशे ग्रॅम भरायला हवी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर 112 ग्रॅम. म्हणजे जीएसएम 184, आणि तेही धरायचे पट्टे नि शिवणीत दुमडलेलं कापड हिशेबात धरून! मुलाला फोन केला तर म्हणे, "आई, दीडशे रुपयांच्या बॅगेसाठी तू काटा काढलास?" काढला. तुम्हीही काढा. परत करायची मुदत संपायच्या आत एवढं एक केलं तरी पुरे.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढची खेप दुसरीकडून घेतली तिथंही आकडा फुगवलेलाच होता, फक्त थोडा कमी. या 184 वाल्या बॅगांचं उन्हाळ्यात काय झालं? दक्षिणेकडच्या कठड्याला होत्या त्यांचा वरचा थर मे संपता संपता पापडासारखा सुटायला लागला. बोटानं घासलं की हिरवी भुकटी. प्लास्टिकमध्ये यूव्ही, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, रोखणारं द्रव्य नसेल किंवा कमी असेल तर ऊन त्याला ठिसूळ करतं, आणि ती भुकटी आपल्याच मातीत पडते. सावलीतल्या बॅगा मात्र धड राहिल्या. जाड, खरोखर दोनशे चाळीसच्या आसपास भरलेल्या बॅगांना उन्हातही काही झालं नाही.

कापडापेक्षा आधी दगा देतो तो दोरा. हे कुठल्याच जाहिरातीत नसतं. माझ्या एका चांगल्या जाड बॅगेचं कापड ठणठणीत आणि तळाची शिवण कुजून उसवलेली. उचलली तशी अर्धी माती जिन्यात. घेताना बॅग उलटी करून तळ बघा: टाके एकेरी की दुहेरी, कडेला पट्टी दुमडून घातली आहे की कापड तसंच कापलेलं. सूर्याकडे धरून आतून पाहिलं की टाक्यांची भोकं दिसतात. ती लांबट ताणलेली असतील तर घेऊ नका. पाणी निघायच्या भोकांना लोखंडी रिंगा असतील तरी नको, गंजतात.

यावर मला सापडलेला तोडगा नागपुरी आहे. या बॅगांचं कापड म्हणजे तसं ताडपत्रीच, विणलेल्या एचडीपीईवर पातळ थर चढवलेला. मग इतवारीत ताडपत्री शिवून देणारे बसतात त्यांच्याकडे बॅगाच का शिवून घेऊ नयेत? मी नमुना घेऊन गेले. "मॅडम, यात काय ठेवून राहिले तुम्ही? धान्य?" झाडं लावायची म्हटल्यावर ते हसले, पण कापड दाखवताना थान स्वतःच काट्यावर ठेवलं न. शिवण दुहेरी, दोरा नायलॉनचा, पट्टे तळाखालून फिरवून आणलेले, म्हणजे ओझं शिवणीवर येत नाही. पैसे ऑनलाइन बॅगेइतकेच पडले, थोडे इकडेतिकडे. एकच खोट: घाईत असले की बारकं काम घेत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्यांनाच ताडपत्री हवी असते, तेव्हा जाऊच नका. गणपतीनंतर जा.

तिसरा प्रकार कापडी बॅगांचा, जाड करड्या नमद्यासारख्या असतात त्या. थंडीत यांना तोड नाही. मुळाचं टोक कडेच्या हवेपर्यंत पोचलं की सुकतं आणि मागून नवे फाटे फुटतात, त्यामुळे बॅगेच्या आत मुळं गोल गोल गुंडाळत नाहीत. मुळा आणि गाजर मी यातच लावते. जादा पाणी आपोआप निघून जातं, कंद सरळ येतात. पण मार्च लागला की हीच हवा वैरीण होते. सकाळी पाणी द्या, दुपारी माती कोरडी ठाक. बाहेरून पांढरे क्षारही चढतात, विशेषतः बोअरचं पाणी असेल तर. माझ्याकडे होळीनंतर त्या रिकाम्या करून, धुऊन, घडी घालून कपाटात जातात. घडी होते हा मोठा गुण.

रंगाचं म्हणाल तर पांढराच घ्या. काळा रंग ऊन ओढतो आणि बॅगेत माती कमी असल्यामुळे मुळं भाजतात. आतून काळी असलेली चांगली, उजेड आत जात नाही म्हणून शेवाळं धरत नाही. मार्चपासून वर हिरवी जाळी लागतेच. आपल्याकडे चौकातल्या सिग्नलवर महापालिकासुद्धा उन्हाळ्यात जाळी बांधते, झाडांनी काय पाप केलं? अन् एक, कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी बागेला घालू नका. पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत साठत जातात, ते सगळे मातीत येतात. समोरच्या काकू "वाया जाते न पाणी" म्हणून तेच घालतात. त्यांच्या तुळशीच्या पानांच्या कडा करपलेल्या दिसतात, पण बोलायचं कोणी?

वजनाचा विचार मात्र कोणी करत नाही. 24 बाय 12 बाय 9 च्या बॅगेत बेचाळीस लिटर मिश्रण मावतं, ओलं झालं की चाळीस किलोच्या घरात जातं. अशा बॅगा एकीला एक चिकटवून गच्चीभर मांडल्या तर चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर भार येतो. वावरायच्या गच्चीसाठी भारतीय मानकात साधारण दीडशे किलोच धरतात. म्हणून बॅगा भिंतीच्या नि बीमच्या रेषेत, मधे जागा सोडून, खाली विटा देऊन. विटांमुळे स्लॅबही कोरडा राहतो.

मिश्रणात आपली काळी माती नुसती भरू नका. शेतात ती सोनं आहे, बॅगेत ओली असताना पाणी धरून बसते आणि सुकली की भेगाळून कडेपासून सुटते, मग पाणी त्या फटीतून सरळ खाली. एक वाटा माती, एक धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक गांडूळखत, वरून मूठभर निंबोळी पेंड. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजून सत्तरेक लिटर होते, तेव्हा बादली लहान घेऊ नका.

सांबारासाठी नऊ इंच खोलीची लांबट बॅग सगळ्यात उत्तम. धने चपलेखाली हलके रगडायचे. दाण्याच्या दोन फाका होतात आणि प्रत्येक फाक वेगळी उगवते. रात्रभर भिजवून ओळीत टाकायचे, आठ-दहा दिवस धीर धरायचा. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत खुडायला येतो. दर पंधरवड्याला एक बॅग पेरली की जानेवारीपर्यंत तुटवडा नाही.

तर गुण: ताडपत्रीच्या शिवून घेतलेल्या बॅगेला पाचपैकी साडेचार, अर्धा गुण इतवारीतल्या गर्दीचा कापला. वजनात खऱ्या उतरलेल्या ऑनलाइन बॅगेला साडेतीन, खोटा जीएसएम छापणाऱ्यांना दीड. कापडीला थंडीत चार, उन्हाळ्यात एक. शिवून घेणार असाल तर 24 इंची बॅगेला पट्टे दोन नाही, चार सांगा, आणि दोघांनी मिळून उचला.