६,००० दिरहमची खुर्ची

मी सांगलीत २२ वर्षं विम्याच्या पॉलिसी विकतोय. गिऱ्हाईक 'घरी विचारून सांगतो' म्हणालं की ते हातचं गेलं, हे मला झोपेतही कळतं. तरी जानेवारी २०२४ मध्ये दुबईत माझ्याच जातकुळीच्या विकणाऱ्यांनी मला साडेतीन तासांत ६,००० दिरहमला गंडवलं. त्यांची एकही युक्ती मला नवी नव्हती, म्हणून जास्त लागलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. असल्या पाट्या बदलत राहतात, पद्धत तीच राहते.

लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं सांगलीहून एका ग्रुपबरोबर गेलो होतो. पहिलाच परदेश. सहलीच्या पत्रकात चौथ्या दिवशी ठळक अक्षरांत होतं : 'दुबई मॉल भेट, अ‍ॅक्वेरियम दर्शन व म्युझिकल फाउंटन शो समाविष्ट'. तिथं गेल्यावर कळलं की मॉलला तिकीट नसतं, काठावरून कारंजं बघायला पैसे पडत नाहीत, आणि अ‍ॅक्वेरियमची ती प्रसिद्ध काच मॉलमध्ये येणारा कुणीही फुकट बघतो. तिकीट लागतं ते आतल्या बोगद्यात जायला, आणि ते आमच्या पत्रकात नव्हतंच. याला फसवणूक म्हणायचं की नुसता धंदा, मला ठरवता येत नाही. जे मुळात फुकट आहे ते 'समाविष्ट' म्हणून दाखवलेलं असेल, तर सहलीचे पैसे भरण्याआधी एकदा विचारून घ्या एवढंच.

मॉल मात्र खरोखर अफाट. २००८ च्या नोव्हेंबरात सुरू झाला, दुकानंच १,२०० च्या वर. अ‍ॅक्वेरियमच्या टाकीत एक कोटी लिटर पाणी, आणि समोरची काच जवळपास ३३ मीटर रुंद, आठ मीटरहून उंच. खरं तर ती काच नव्हे, अ‍ॅक्रिलिक. पाऊण मीटर जाड. तिच्यापलीकडं शार्क शांतपणे फेऱ्या मारत होते आणि अलीकडं आमची ही तोंडाला पदर लावून उभी. पुढं डायनासोरचा सांगाडा, साडेपंधरा कोटी वर्षांपूर्वीचा. पुढं बर्फाचं मैदान. मग चार मजली धबधबा, त्यातून सूर मारणाऱ्या माणसांचे पुतळे. दुकानातली वस्तू उचलून किंमत बघायची आणि ती अलगद परत ठेवायची, हा आमचा उद्योग अकरापासून पाचपर्यंत चालला.

टेकायचं कुठं, हा तिथला खरा प्रश्न. बाकडी आहेत, पण शॉपिंग फेस्टिव्हलचे दिवस, एकही रिकामं नाही. कॉफीच्या दुकानात बसावं तर एका कपाचे २५ दिरहम. साडेपाचशे रुपयांची कॉफी प्यायची ऐपत नव्हती असं नाही, पण घशाखाली उतरली नसती. त्यापेक्षा बाहेर जाऊ, सहाला कारंजं सुरू होतंय, तिथंच कठड्याला टेकू, असं ठरवून आम्ही बाहेर पडलो. रस्त्यावर ही म्हणाली, "अहो, पाय मेलेत माझे."

"मावशी, बसा की जरा. सांगलीच्या काय?"

गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्मचं पॅड, पंचविशीचा पोरगा. म्हणाला, मी कराडचा. कराड कुठलं, तर मंगळवार पेठ. कृष्णामाईच्या घाटाचं दोन वाक्यं बोलला आणि आमची ही विरघळली. चार दिवस हिंदी-इंग्रजीत कोंडलेल्या माणसाला परक्या मुलखात कुणी 'बसा की' म्हणालं की काय होतं, ते तिथं गेल्याशिवाय कळायचं नाही. त्यानं पर्यटकांचा सर्व्हे म्हणून नाव, वय, नोकरी-धंदा, कार्ड कुठलं वापरता एवढं विचारलं आणि दोन स्क्रॅच कार्डं पुढं केली. माझं कोरं निघालं. हिच्यावर 'अभिनंदन'. एकाचं कोरं निघालं, म्हणून दुसऱ्याचं खरं वाटलं.

बक्षीस काय, तर चार दिवस-तीन रात्री हॉटेल मोफत. "घ्यायला ऑफिसात यावं लागेल काका, जवळच आहे. चहा प्या, पाय मोकळे करा, अर्ध्या तासात परत." एकच अट : नवरा-बायको दोघांनी यायचं. इथंच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. 'बायकोला विचारून सांगतो' ही पळवाट बंद करायची असेल तर बायकोला शेजारीच बसवायचं, हे मला माझ्या पहिल्या डेव्हलपमेंट ऑफिसरनं शिकवलं होतं. पण त्या क्षणी मला फक्त खुर्ची दिसत होती.

आठव्या मजल्यावर ती मिळाली. मऊ, पाठ टेकता येईल अशी. समोर चहा, सँडविच. हॉलमध्ये वीसेक टेबलं, प्रत्येकाशी आपल्यासारखंच एक दमलेलं जोडपं, आणि गाणी एवढ्या मोठ्यानं की शेजारचं काय बोलतंय ऐकू येऊ नये. मधूनच कुणी माइकवर ओरडायचं, 'अमुक फॅमिलीचं स्वागत', की सगळे टाळ्या वाजवणार. आमच्या टेबलावर तिघं पाळीपाळीनं आले. पहिल्यानं नुसत्या गप्पा मारल्या, दुसऱ्यानं हिशेब मांडला, तिसरा सुटाबुटातला मॅनेजर. बक्षिसासाठी नोंद करायची म्हणून पासपोर्ट झेरॉक्सला नेले, ते शेवटपर्यंत टेबलावर आले नाहीत.

माल काय होता? हॉलिडे क्लबची दहा वर्षांची मेंबरशिप. दरवर्षी एक आठवडा जगात कुठंही राहा. ४८,००० दिरहम. मी हसलो. ते २९,००० वर आले. मी पुन्हा नाही म्हणालो. मग मॅनेजर आत जाऊन 'खास परवानगी' घेऊन आला : १४,०००, पण आज, आत्ता. बाहेर पडलात की ४८,०००.

'फक्त आज' हे मी स्वतः किती जणांना म्हणालोय! 'हा प्लॅन ३१ मार्चला बंद होतोय' असं सांगून मी फेब्रुवारीत पॉलिसी काढल्यात. त्यातले काही प्लॅन खरंच बंद झाले, काही नाही. त्यामुळं तिथवर मी घट्ट होतो. उठणारच होतो.

तेवढ्यात मॅनेजरनं माझ्याकडं बघणं सोडलं आणि हिच्याकडं वळला. "मॅडम, पच्चीस साल में सर आपको कहाँ कहाँ ले गए?"

ही जरा विचार करून म्हणाली, "ज्योतिबा. गणपतीपुळे. एकदा तिरुपती."

तो काहीच बोलला नाही. पेन माझ्यासमोर ठेवलं आणि गप्प बसला. पेन ठेवल्यावर जो आधी बोलतो तो हरतो, हेही मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "आज किती भरावे लागतील?"

६,००० आज, उरलेले ८,००० दहा हप्त्यांत. कार्ड घातलं, पिन मीच टाकला. मशीननं विचारलं, रुपयांत की दिरहममध्ये? पोरानं सांगितलं, रुपयांत घ्या काका, सोपं पडतं. सोपं त्यांना पडतं. परदेशात कार्ड चालवताना तिथल्याच चलनात पैसे द्या. रुपये निवडले की दर समोरचा ठरवतो. त्या दिवशी दिरहम साडेबावीस रुपयांच्या आसपास होता, म्हणजे १,३६,००० च्या आत व्हायला हवे होते. स्टेटमेंटवर १,४२,००० च्या वर दिसले.

खिडकीतून दोन इमारतींच्या फटीत तळ्याचा एक तुकडा दिसत होता. दर अर्ध्या तासानं तिथं उजेड हलायचा. सगळा ग्रुप काठावर उभा राहून कारंजं बघत होता आणि आम्ही टाळ्या घेत होतो. हो, आमचंही नाव माइकवर पुकारलं.

रात्री हॉटेलवर मी करार वाचला. अकरा पानं, इंग्रजी, बारीक टाइप. भरलेले पैसे परत नाहीत. तोंडी दिलेलं कुठलंही आश्वासन धरलं जाणार नाही. दरवर्षी मेंटेनन्सचे वेगळे पैसे, आणि ते कंपनी ठरवेल तेवढे. हॉटेल 'उपलब्धतेनुसार'. शेवटच्या पानावर आठ चौकोन, प्रत्येकात माझी आद्याक्षरं : मला हे समजलं, माझ्यावर दबाव नव्हता, मला वाचायला वेळ मिळाला. विम्यात आपल्याकडं फ्री-लूक असतो. तेव्हा साधारण १५ दिवसांचा होता, आता ३०. तेवढ्यात पॉलिसी परत करता येते. मी शिकल्यासारखा ते कलम शोधत बसलो. नव्हतं.

सकाळी फोन केला, कुणी उचलला नाही. मग ईमेल : करार रद्द करा. त्याच दिवशी लेखी कळवलं, तारीख-वेळेसकट, हे एक बरं केलं. परत आल्यावर बँकेत गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की रिझर्व्ह बँकेचा कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर झळ नाही हा २०१७ चा नियम आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहाराला आहे. "तुम्ही स्वतः पिन टाकलाय ना, काका?" तक्रार त्यांनी तरी पाठवली, ती फेटाळली गेली. दुबईच्या ग्राहक संरक्षण खात्याकडं ऑनलाइन तक्रार करता येते, ती केली. कंपनीनं माझे ते आठ चौकोन पुढं केले. तीन महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर तडजोड झाली : उरलेले ८,००० मागणार नाही, भरलेले ६,००० विसरा. तारीखवार ईमेल नसते तर तेही झालं नसतं, असं मला वाटतं.

आणि ते बक्षीस? तीन रात्री मोफत, पण साठ दिवस आधी अर्ज, दर माणशी दर रात्री 'कर व सेवाशुल्क' आगाऊ, आणि आम्ही कळवलेल्या तिन्ही तारखा भरलेल्या. शुल्काची बेरीज केली तर गणपतीपुळ्याला आठवडाभर राहून झालं असतं.

खरा झटका पाच महिन्यांनी. फोनवर एक गृहस्थ, मी दुबईचा वकील, तुमचे ६,००० दिरहम कोर्टानं अडकवून ठेवलेत, सोडवायला फक्त १८,००० रुपये प्रोसेसिंग भरा. त्याच्याकडं माझा करार क्रमांक, तारीख, रक्कम, सगळं होतं. एकदा फसलेल्यांची यादी पुढं विकली जाते, हे माझं अनुमान. दुसरं कारण मला सुचत नाही. मन क्षणभर हललं हे कबूल करतो. गेलेले पैसे परत येतील म्हटलं की शहाणा माणूसही कान देतो. मी म्हटलं, तुमचे १८,००० त्या ६,००० मधून कापून घ्या आणि उरलेले पाठवा. फोन बंद झाला.

जाणार असाल तर मॉल बघाच, तो बघण्यासारखा आहे, आणि मॉलचा या लोकांशी काही संबंध नव्हता हेही सांगतो. पण मधे एकदा पैसे टाकून कॉफी घ्या आणि तासभर बसा. साडेपाचशेची कॉफी स्वस्त पडते. निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन परदेशी वापराची मर्यादा दिवसाला ठरावीक रकमेवर आणून ठेवा. ही सोय आपल्या सगळ्या कार्डांवर आहे, आणि माझ्याही कार्डावर होती. पासपोर्ट हॉटेल आणि सरकारी माणूस सोडून कुणाच्या हाती देऊ नका. आणि कुठलाही कागद पुढं आला तर 'कोरी प्रत द्या, रात्री वाचून उद्या येतो' म्हणा. खरा विकणारा प्रत देईल. मी देतो. आता देतो, असं म्हणायला हवं.

हिनं मला एकदाही बोल लावला नाही. तिरुपतीचं उत्तर का दिलं, याचंच तिला वाईट वाटतं. "मला काय माहीत, तो मोजतोय म्हणून," एवढंच म्हणाली.

त्या कराडच्या पोराचा नंबर माझ्या फोनमध्ये राहिला होता. ऑफिसचं लोकेशन त्यानंच पाठवलं होतं. दर जोडप्यामागं त्याला काहीतरी मिळत असणार. गिऱ्हाइकानं पॉलिसीचा पहिला हप्ता भरला की मलाही कमिशन मिळतंच. गेल्या दिवाळीला त्याचा मेसेज आला : 'शुभ दीपावली काका-मावशी', खाली पणतीचं चित्र. मी बघून सोडून दिलं. हिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि टाइप केलं : 'शुभ दीपावली बाळा. कराडला आलास की फराळाला ये. येताना सहा हजार दिरहम घेऊन ये.'

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर अजून आलेलं नाही.