रोजचं वचन देणारं अ‍ॅप: ईयोबासाठी पाच स्टार, नोटिफिकेशनसाठी दोन

सकाळचं वचन, ऑडिओ बायबल, वाचनाच्या मालिका, प्रार्थनेची वही असं सगळं एकाच ठिकाणी देणारी अ‍ॅप्स असतात ना, त्यातलंच एक बरेच महिने वापरतेय. नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली तक्रारी आहेत आणि खरं सांगायचं तर या प्रकारच्या बऱ्याच अ‍ॅप्सची गत थोड्याफार फरकाने हीच असते. आणि हा रिव्ह्यू चांगल्या दिवसांसाठीचा नाही हं. सगळं सुरळीत असताना कुठलंही अ‍ॅप गोडच वाटतं. प्रार्थनेला बसलं की शब्द फुटत नाहीत, तोच जुना मोह परत परत मानगुटीवर बसतो, देवाचं आपल्याकडे लक्ष तरी आहे का असं वाटायला लागतं, त्या काळात हे कितपत कामाला येतं तेवढंच सांगतेय.

आधी ईयोबाची ऑडिओ मालिका (ईयोब म्हणजे बायबलमधला तो नीतिमान माणूस, ज्याचं सगळं काही हिरावलं जातं), कारण नुसत्या तेवढ्यासाठीसुद्धा डाउनलोड करा म्हणेन. ईयोबाच्या पुस्तकात 42 अध्याय आहेत आणि आपण बहुतेक जण काय करतो, पहिले दोन वाचतो, मग थेट शेवटचा गाठतो आणि दुप्पट परत मिळालं, हाल्लेलूया म्हणून मोकळे होतो. मधल्या 35 अध्यायांची वादावादी कोण वाचणार! इथे मात्र एकामागून एक अध्याय चालूच राहतो, त्यामुळे हातात काम असलं की आपसूक सगळं कानावर पडतं. वाचणाऱ्याचा आवाज साधा, सगळ्यांना एकच सूर, नाटकी काही नाही. गंमत म्हणजे त्यामुळेच ईयोबाचे मित्र अलीफज आणि बिल्दद बोलत असताना आपली मान डोलते, अरे बरोबरच तर बोलतोय, देव न्यायी आहे, पाप केल्याशिवाय असं कसं होईल, वगैरे. आणि मग 42व्या अध्यायात देव स्वतः अलीफजला सांगतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसं. म्हणजे देवाची बाजू घेऊन भाषणं ठोकणारे चुकले आणि देवाशीच भांडणारा बरोबर ठरला. हे वाचून माहीत होतं पण सलग ऐकताना जे चपराक बसल्यासारखं होतं ते वेगळंच.

त्या मालिकेतल्या टिपाही चांगल्या आहेत. पहिल्या दोन अध्यायांवर लिहिलंय की सैतान ईयोबाला हात लावतो तो परवानगी घेऊन, आणि दोन्ही वेळा देव मर्यादा घालून देतो, आधी त्याच्या अंगाला हात लावू नकोस, नंतर त्याचा जीव घेऊ नकोस. आत्मिक लढाई म्हटलं की आपण देव आणि सैतान अशी दोन तुल्यबळ पार्ट्यांची मॅच समजतो, तसं ते नाहीच. इथपर्यंत छान. पण मग परवानगी दिलीच का, या प्रश्नाशी टिपा येतात आणि दोन ओळींत "आपला विश्वास वाढावा म्हणून" असं म्हणून पुढे जातात. इतकं सोपं उत्तर ईयोबाला कुठे मिळालं? स्वर्गातलं ते बोलणं आपल्याला माहीत आहे, त्याला शेवटपर्यंत कोणी सांगितलंच नाही. 38व्या अध्यायात देव वादळातून बोलतो तेव्हा कारण देत नाही, उलट प्रश्न विचारतो, पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, मग समुद्र, हिमाची भांडारं, रानगाढव, शहामृग, ससाणा. ईयोबाचा प्रश्न तसाच राहतो आणि तरी तो शांत होतो. मला वाटतं देवाच्या सार्वभौमत्वावर भरवसा म्हणतात तो हाच, कारण कळल्यावर काय, कोणीही भरवसा ठेवेल. टिपा लिहिणाऱ्यांनी इथे थांबायला हवं होतं.

आता सकाळचं वचन. फुलांचा किंवा सूर्योदयाचा फोटो आणि त्यावर एक ओळ. सगळ्यात जास्त वेळा येतं ते यिर्मया 29:11 (बाबेलला कैद करून नेलेल्या यहूद्यांना यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेल्या पत्रातलं), तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला आशा देणारे आहेत. सुंदर वचन, पण 10वं वचन कोण देणार? त्यात लिहिलंय की बाबेलची 70 वर्षं पुरी झाल्यावर तुम्हाला परत आणीन. म्हणजे हे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परत येणारच नव्हते! त्याच्या आधीच्या वचनांत देव त्यांना सांगतो घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि एक अध्याय मागे हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना दोनच वर्षांत सगळं ठीक होईल म्हणून सांगत होता, तो खोटा ठरला. माझ्या मते सगळा संदर्भ धरून ते वचन जास्त आधार देतं, कारण मग परिस्थिती बदलली नाही म्हणून वचन खोटं पडत नाही. एकटी ओळ फोटोवर टाकली की नेमका हनन्याचा संदेश तयार होतो.

स्तोत्र 91 चंही तेच. देवदूत तुला हातांवर झेलतील, हे कार्ड दिसलं की आठवतं की लूकच्या शुभवर्तमानाच्या 4थ्या अध्यायात मंदिराच्या शिखरावर हेच वचन प्रभू येशूला सैतानानेच म्हणून दाखवलं होतं. त्या मानाने स्तोत्र 88 चं कार्ड कधी बघितलं नाही, ते अंधारातच संपतं, फोटोला शोभणार नाही बहुतेक.

सलग दिवसांचा आकडा ही तर मला अजिबात न पटलेली गोष्ट. माणूस जेव्हा खचतो तेव्हाच वाचन चुकतं आणि नेमकं तेव्हा अ‍ॅप आकडा शून्यावर आणून दाखवतं. आपला शिष्य पेत्र याला प्रभू म्हणाला होता की सैतानाने तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केलीय. पेत्र त्याच रात्री प्रभूला ओळखतच नाही म्हणून तीनदा नाकारून बसला. प्रभूने आधीच सांगून ठेवलं होतं, तू वळलास म्हणजे भावांना स्थिर कर. वळशील की नाही हा प्रश्नच ठेवला नव्हता. सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा बंद करता येतो, पहिलं काम ते करा.

प्रार्थनेच्या वहीत विनंती लिहायची आणि नंतर "उत्तर मिळालं" वर टिक करायची. दुसरा पर्यायच नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा (त्याला छळणारा कसलासा त्रास) काढ म्हणून देवाला तीनदा विनवणी केली आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे. आता त्याने टिक करायची की नाही? माझ्या वहीत अशा काही नोंदी पडून आहेत, त्यांना अ‍ॅप लाल रंगात "प्रलंबित" दाखवतं, सरकारी फाईलसारखं.

विनंती सगळ्यांना दिसेल अशी ठेवली तर खाली कमेंट्स येतात. काही खरंच मनापासूनच्या असतात, पण "जीवनात काही लपलेलं पाप आहे का तपासा" वाले लगेच हजर. अलीफज-मंडळी निदान पहिले सात दिवस गप्प बसली होती. वही खाजगीच ठेवा.

एकूण साडेतीन स्टार. ऑडिओ घ्या, नोटिफिकेशन बंद ठेवा, आणि कार्डावरचं वचन आवडलं तर त्यावर बोट ठेवून आख्खा अध्याय उघडा, ती सोय आहे पण कोपऱ्यात इतक्या बारीक अक्षरात आहे की मला बरेच दिवस दिसलीच नव्हती. नव्या विश्वासणाऱ्याला देणार असाल तर ईयोबाऐवजी आधी लूक लावून द्या, ईयोब ऐकायला सोबत कोणीतरी मोठं माणूस असलेलं बरं. डेव्हलपरना मेल केलाय की वहीत "अजून वाट बघतेय" असा एक पर्याय द्या, आणि तो लाल रंग तेवढा काढा.