साठ दिवसांत अमेरिकेतच नोकरी, की पुण्याला परत?

जानेवारी 2023 मध्ये गूगलने सुमारे 12,000 जणांना कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा एच-1बी व्हिसावरील (कंपनीमार्फत मिळणाऱ्या, कुशल कर्मचाऱ्यांसाठीच्या अमेरिकी कामाच्या व्हिसावरील) अनेक मराठी घरांत हाच प्रश्न उभा राहिला. नोकरी सुटल्यावर अमेरिकेत राहायला जास्तीत जास्त 60 दिवसांची सवलत मिळते, आणि आय-94 ची, म्हणजे देशात राहण्याच्या परवानगीच्या नोंदीची, मुदत त्याआधी संपत असेल तर फक्त त्या तारखेपर्यंतच. मात्र नव्या कंपनीने या काळात आपल्यासाठी रीतसर एच-1बी अर्ज दाखल केला की मंजुरीची वाट न पाहता रुजू होता येते. अडचण एवढीच, की मोठ्या कंपन्यांच्या मुलाखतींच्या पाच-सहा फेऱ्यांतच महिना सरतो.

पुण्यात, हिंजवडी किंवा खराडीत, पगार डॉलरच्या हिशेबाने बराच उतरतो. पण इतर उमेदवार 90 दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये अडकलेले असताना ‘सोमवारपासून येतो’ म्हणणाऱ्याला वेगळाच भाव असतो. पुन्हा अमेरिकेला जाणे मात्र अवघड झाले आहे, कारण सप्टेंबर 2025 च्या आदेशानुसार देशाबाहेरील, वैध व्हिसा नसलेल्या उमेदवाराच्या नव्या अर्जावर 1,00,000 डॉलर शुल्क लागते. म्हणून आय-140 (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल आणि मुले शाळेत असतील, तर मी आधी तिथलेच दार ठोठावीन, परंतु चाळिसाव्या दिवसापर्यंत अर्ज करणारी कंपनी न मिळाल्यास सामान बांधायला घेईन.