बोरिंगचं पाणी आणि गंजाचे डाग: आठ महिन्यांचा अनुभव

गणपतीत पुण्याच्या आत्या येऊन गेल्या. निघताना हळूच म्हणाल्या, "अगं, वरचं कमोड कोणी घासतं की नाही?" घासत होतो हो, रोज घासत होतो! पण नळाखालचा तांबडा ओघळ चार दिवसांत परत हजर.

आमचं घर इंदूरला, लोकमान्य नगरात. खालच्या बाथरूमला नर्मदेचं पाणी, वरच्याला बोरिंगचं. नर्मदाकाठच्या जलूद गावाहून ७० किलोमीटर चढून येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याने खालचं बेसिन पंधरा वर्षं पांढरं राहिलंय. म्हणजे दोष नळांचा नव्हता. बोरिंगचं पाणी बादलीत घेतलं तर नितळ, पण रात्रभर ठेवलं की सकाळी फिक्या चहासारखं. विरघळलेलं लोह हवा लागली की गंज होऊन बाहेर पडतं. तपासून घेतलं तर लिटरला १.४ मिलिग्रॅम निघालं. ०.३ च्या वर गेलं तरी डाग पडायला लागतात.

आधी साडेनऊ हजारांचा लोह काढणारा फिल्टर पंपाच्या लाइनवर बसवला. कंपनीचं नाव घेत नाही, पण बसवणाऱ्याने उलट्या धारेने धुवायला लागतं हे सांगितलंच नाही. सहा आठवड्यांत गाळ भरला, धार बारीक झाली आणि तांबडं पाणी परत सुरू. आता दर रविवारी धुतो, तेव्हा बरा चालतो. पण पैसे वसूल झाले असं काही म्हणणार नाही.

खरा फरक पडला तो गच्चीवरच्या टाकीने. प्लंबरने टाकीत पाणी पडणाऱ्या पाइपला बारीक भोकं पाडून दिली. पाणी शॉवरसारखं पडतं, हवा खातं आणि गंज रात्रीत तळाशी बसतो. खाली जाणारा पाइप तळापासून वीतभर वर घेतला. महिन्यातून एकदा टाकी रिकामी केली की विटकरी चिखल निघतो. खर्च मजुरीसकट ६०० रुपये. दुसरा उपाय त्याहून स्वस्त, गळणाऱ्या नळांचे वॉशर बदलले. थेंब पडणं थांबलं तसा ओघळही थांबला. फिल्टरआधी हेच सुचायला हवं होतं.

जुने डाग ऑक्झॅलिक ॲसिडने गेले. सियागंज बाजारातून सुटी पावडर आणली. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चमचा, ब्रशने लावायची, दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवायची. धुणं आखडतं घेतलं तर जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे पांढरी साय बसते, आम्ही एकदा फसलो. पावडर विषारी आहे, तेव्हा हातमोजे घालायचे, खिडकी उघडी ठेवायची आणि डबा नातवंडांच्या हाताला लागू द्यायचा नाही. संगमरवराला तर अजिबात लावू नये, पॉलिश जाते. ब्लीच टाकलं की डाग उलट पक्का होतो, आणि ॲसिडबरोबर ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू निघतो. म्हणून दोन्ही बाटल्या आता वेगवेगळ्या कपाटांत. टॉयलेट क्लीनर तर नळांवर नकोच. मावशींनी एकदा तो लावला आणि क्रोम उतरून पितळ दिसायला लागलं.

एक डाग मात्र महिनाभर छळत होता, पाण्याशी त्याचा संबंधच नव्हता. स्टीलच्या कपाटाचे स्क्रू साधे लोखंडी निघाले. मी कपाटाच्या पत्र्याला लोहचुंबक लावून "चिकटत नाही, म्हणजे चांगलं स्टील" म्हणत बसले होते. पण स्टेनलेस स्टीलच्या २०२ आणि ३०४ या दोन्ही प्रकारांना चुंबक चिकटत नाही, आणि त्यातलं २०२ लवकर गंजतं. स्क्रू ३०४ चे घेतले. यांच्या शेव्हिंग फोमच्या डब्याचा तांबडा गोल फरशीवर उमटायचा, तो डबा आता प्लास्टिकच्या ताटलीत असतो. यांना ते अजून पटलेलं नाही.

आंघोळीनंतर नळ कोरड्या फडक्याने पुसायचं सगळ्यांनी ठरवलं होतं. पुसते मी एकटीच. कमोडच्या कडेखाली मात्र हात जात नाही, तिथे पुसट रेघ अजून आहे.