राग गिळायचा, की प्रसंगाकडे नव्याने पाहायचं?

दहावीच्या सराव परीक्षेत गणितात कमी गुण पडले की मूल दोनपैकी एक वाट धरतं. पहिली आपल्या घरांना फार आवडते: चेहरा कोरा, तोंडातून शब्द नाही. आपण म्हणतो, 'किती समजूतदार!' आतली धडधड मात्र तशीच असते. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस आणि ऑलिव्हर जॉन यांच्या २००३च्या संशोधनात भावना दाबायची सवय असलेल्या तरुणांमध्ये समाधान कमी आणि नात्यांत जवळीक कमी दिसली. शिवाय दाबण्यातच लक्ष खर्च होतं; त्या वेळी ऐकलेलं नीट आठवत नाही.

दुसरी वाट प्रसंगाचा अर्थ बदलण्याची. 'मी ढ आहे' याऐवजी 'भूमिती कच्ची राहिली, अजून दोन महिने आहेत.' मला हीच पटते. पण भावना सांभाळायला मदत करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून चौदाव्या वर्षी हे एकट्याने जमणं अवघड. शेजारी शांतपणे बसणारं मोठं माणूस लागतं. आणि घरात मारहाण किंवा शाळेत छळ होत असेल, तर मुलाला अर्थ बदलायला सांगूच नये. तिथे परिस्थितीच बदलायला हवी.

चार लोकांत क्षणभर राग आवरणं ठीकच. झोप, भूक दोन आठवडे बिघडलेली असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा.