शनिवारचं तिकीट घ्यावं की रविवारचं?

फेब्रुवारीत एक ईमेल येतो आणि आमच्या घरात आठवडाभर खल चालतो. अमेरिकेतल्या ज्या विद्यापीठात मी एमएस केलं, त्याच्या फुटबॉलच्या सीझन तिकिटाचं नूतनीकरण. फुटबॉल म्हणजे इथला, हातात चेंडू घेऊन पळायचा. कॉलेजचे सामने बहुतेक शनिवारी असतात, आणि एनएफएलचे, म्हणजे व्यावसायिक लीगचे, बहुतेक रविवारी. गेल्या वर्षी बायकोने सरळ विचारलं, "पोरांना आता पैसे मिळायला लागले ना? मग हे आणि एनएफएल यात फरक काय उरला? खेळच बघायचा तर रविवारचा बघ की, तो जास्त चांगला असतो."

प्रश्न बिनतोड होता. मंडळाच्या कार्यक्रमात नव्याने आलेली मंडळीही हेच विचारतात, म्हणून हा हिशेब लिहून काढतोय.

आधी बदललं काय ते. कॉलेजच्या खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे पैसे देणं हा पूर्वी मोठा अपराध होता. डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने खेळाडूंना चोरून पैसे दिले म्हणून 1987 चा त्यांचा अख्खा सीझन रद्द झाला. 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि छबीवर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले, याला सगळे 'एनआयएल' म्हणतात. मग जून 2025 मध्ये कोर्टाने एका तडजोडीला मान्यता दिली आणि विद्यापीठांना थेट पैसे वाटता येऊ लागले. पहिल्या वर्षीची मर्यादा एका विद्यापीठाला साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर. आणि गंमत बघा, 2024 च्या सीझनला तेच एसएमयू राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत होतं!

आता खिसा. एनएफएलमध्ये 2025 साठी प्रत्येक संघाला पगाराची मर्यादा होती 27 कोटी 92 लाख डॉलर, आणि राष्ट्रीय टीव्ही कराराचे पैसे 32 संघांत सारखे वाटले जातात. तिकीट महाग असतं, पण खेळाडूच्या पगारासाठी तुमच्यापुढे वेगळी पावती कोणी फाडत नाही. कॉलेजात फाडतात. टेनेसी विद्यापीठाने 2025 च्या सीझन तिकिटांवर 10 टक्के 'टॅलेंट फी' लावली, तीही उघडपणे, याच नावाने. याखेरीज 'कलेक्टिव्ह' नावाची प्रकरणं आहेत, म्हणजे खेळाडूंसाठी चाहत्यांकडून पैसे गोळा करणारी मंडळं. गणपतीच्या वर्गणीची सवय असलेल्या माणसाला यात नवं काही नाही. फरक इतकाच, की इथला गणपती पुढच्या वर्षी दुसऱ्या गल्लीत बसू शकतो.

माझं खरं दुखणं तेच आहे. मुलाला आमच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून संघ चालवणाऱ्या मुख्य खेळाडूच्या नावाची जर्सी घेतली होती, नव्वद डॉलरची. थँक्सगिव्हिंगला त्याने ती घालून फोटो काढला आणि ख्रिसमसच्या आत तो खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात बदली हवी असलेल्यांच्या यादीत होता. आता दुसऱ्याच रंगाच्या कपड्यांत खेळतो. जर्सी कपाटात आहे, पोरगा घालत नाही. मोठी उदाहरणंही आहेत. टेनेसीचा क्वार्टरबॅक निको इयामालेआवा एप्रिल 2025 मध्ये पैशांच्या बोलणीवरून बाहेर पडला आणि लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात गेला. ज्यांनी टॅलेंट फी भरून तिकीट घेतलं होतं, त्यांना काय वाटलं असेल?

आता एनएफएल बघा. ड्राफ्टमधून, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातून आलेला खेळाडू चार वर्षांच्या करारावर असतो, खेळाडूंची संघटना आहे, तिने मालकांशी ठरवलेले नियम आहेत. कॉलेजात संघटना नाही की सामूहिक करार नाही, आणि 2024 पासून अभ्यासातली पात्रता टिकवून कितीही वेळा बदली घेता येते. लोक म्हणतात पैशाने खेळ नासला. मला वाटतं, पैसे आले पण करारमदार आले नाहीत, म्हणून चाहत्याची फरफट होतेय. माझा खेळाडूंवर राग नाही. एक लाख माणसांचं स्टेडियम त्यांच्या जिवावर भरतं आणि प्रशिक्षकाला कोट्यवधी मिळतात, मग त्यांनीच का उपाशी राहायचं?

चुरशीबाबत मात्र मी साफ चुकलो होतो. वाटलं होतं, श्रीमंत संघ सगळे चांगले खेळाडू विकत घेतील आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. 5 ऑक्टोबर 2024 ला नॅशव्हिलमध्ये व्हँडरबिल्टने पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला 40-35 हरवलं. क्वार्टरबॅक डिएगो पाविया न्यू मेक्सिको स्टेटहून बदलीने आलेला. लोकांनी गोलपोस्ट उपटला, खांद्यावर घेऊन भर बाजारातून मिरवला आणि कंबरलँड नदीत नेऊन विसर्जन केलं. विसर्जन हा माझा शब्द, पण दृश्य अगदी तेच होतं. नंतर इंडियाना. पिढ्यान् पिढ्या हरणारा हा संघ 2025 मध्ये ओहायो स्टेटला हरवून बिग टेन या विद्यापीठांच्या गटाचा विजेता झाला, आणि त्यांचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझाने हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान घेतला. तोही कॅलिफोर्नियाहून बदलीने आलेला. पूर्वी मोठे संघ चांगली मुलं बाकावर बसवून ठेवायचे. आता बाकावरचा मुलगा खेळायला आणि पैसे मिळवायला दुसरीकडे जातो. एनएफएलमध्ये दुबळ्या संघाला ड्राफ्टमध्ये आधी निवड मिळते, इथे ते काम पोर्टल करतंय, जरा अडाणीपणे.

एक आरोप मात्र खेळाडूंच्या माथी मारू नका. लॉस एंजेलिसचं यूसीएलए आता न्यू जर्सीच्या रटगर्सबरोबर एका कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात आहे, पश्चिमेकडची जुनी पॅक-12 कॉन्फरन्स मोडली, शेजारी विद्यापीठांची मैदानातली भांडणं संपली. ते टीव्हीच्या पैशापायी झालं, आणि विद्यापीठांनी केलं.

पुढची खरी काळजी छोट्या खेळांची. वाटपातला मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जातो, आणि मग कात्री इतरांवर चालते. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाने मार्च 2025 मध्ये पोहण्याचा संघ बंद केला. अमेरिकेचे कितीतरी ऑलिंपिकपटू अशाच कॉलेज तलावांतून येतात. गिऱ्हाईक नाही म्हणावं तर ऑगस्ट 2023 मध्ये नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा व्हॉलीबॉल बघायला 92,003 माणसं जमली होती. कॉलेज बास्केटबॉलची केटलिन क्लार्क जाहिरातींतून बक्कळ कमावत होती, तरी 2024 ची तिची फायनल 1 कोटी 80 लाखांहून जास्त लोकांनी बघितली, पुरुषांच्या फायनलपेक्षा अधिक. पैसे मिळतात म्हणून प्रेक्षक रुसतो, हे काही खरं नाही.

तर कोणी काय घ्यावं? तुम्हाला खेळाडू आवडतो, त्याचं करिअर वर्षानुवर्षं बघायचंय, मुलाला जर्सी घ्यायचीय, तर एनएफएल घ्या. विद्यापीठाशी तुमचं काही नातं असेल, बँड वाजला की अंगावर काटा येत असेल, तर कॉलेजच घ्या, फक्त नावाची जर्सी घेऊ नका. नातंही नाही आणि बजेटही नाही, अशांनी जवळच्या कॉलेजचा व्हॉलीबॉल किंवा कुस्ती बघावी. तिकीट स्वस्त, पार्किंग जवळ, आणि खेळाडूच्या आईशेजारी बसायला मिळतं.

आम्ही यंदा चारपैकी दोन खुर्च्या सोडल्या, वाचलेल्या पैशांत व्हॉलीबॉलचे पास काढले. कलेक्टिव्हच्या ईमेलला उत्तर दिलं नाही. 1961 च्या कायद्यामुळे ऐन कॉलेज सीझनमध्ये एनएफएल शनिवारी टीव्हीवर येत नाही, त्यामुळे दोन्हींत भांडण असं नाहीच. रविवारी दुपारी वरणभात झाला की एनएफएल सोफ्यावरून बघतो.