दुसरे स्ट्रेस थॅलियम: तपासणी चोख, तुलना मात्र मागून घ्यावी लागली

अँजिओप्लास्टी न करता औषधांवर राहिल्यानंतर 14 महिन्यांनी जिना चढताना छातीत पुन्हा आवळल्यासारखे होऊ लागले, म्हणून हृदयविकारतज्ज्ञांनी स्ट्रेस थॅलियम, म्हणजे हृदयावर ताण देऊन त्याच्या स्नायूंना रक्त कितपत पोहोचते हे किरणोत्सर्गी इंजेक्शनच्या साह्याने पाहणारी तपासणी, पुन्हा करायला सांगितले. (नाव थॅलियमचे राहिले असले तरी इंजेक्शन आता बहुधा टेक्नेशियमचे असते.) यंत्र किंवा पद्धत बदलली की दोन चित्रांची तुलना डळमळीत होते, त्यामुळे मी पहिल्याच केंद्रात गेलो.

प्रत्यक्ष तपासणीत खोट काढायला जागा नाही. कॅफीन केव्हापासून बंद करायचे हे लेखी दिले होते, आणि कॅमेऱ्याखाली हात डोक्यामागे घ्यायला लावताना तंत्रज्ञ बाईंनी बजावले, की मध्येच हललात तर रक्तपुरवठा ठीक असलेल्या जागीही चित्रात उणीव दिसू शकते.

रिपोर्टने मात्र निराशा केली. ‘पुढील भिंतीत मध्यम प्रमाणात इस्केमिया’ (म्हणजे रक्तपुरवठ्याची कमतरता) एवढाच निष्कर्ष होता, आधीच्या तपासणीचा उल्लेखही नव्हता, आणि खबरदारी म्हणून सोबत दिलेल्या जुन्या सीडीच्या पाकिटावरची चिकटपट्टी जशीच्या तशी परत आली. पुनर्तपासणीचे सगळे मोल तर त्या तुलनेतच असते. नुसती औषधे आणि औषधांसोबत अँजिओप्लास्टी यांची तुलना करणाऱ्या करेज चाचणीच्या 2008 मधील उपअभ्यासात 314 रुग्णांची तपासणी 6 ते 18 महिन्यांनी पुन्हा झाली आणि इस्केमियाग्रस्त स्नायूचा वाटा निदान 5 टक्क्यांनी उतरला, तरच ती लक्षणीय घट धरली गेली. अशी घट औषधांसोबत अँजिओप्लास्टी झालेल्या 33 टक्के आणि नुसत्या औषधांवरच्या 19 टक्के रुग्णांत आढळली. घट झालेल्यांत मृत्यू व हृदयविकाराचे झटके कमी दिसले खरे, पण इतर जोखमी हिशेबात धरल्यावर हा संबंध सांख्यिकीय कसोटीला उतरला नाही. म्हणून या घटीच्या आकड्याला मी भाकीत मानत नाही, पण तो रिपोर्टात हवाच.

तक्रार केल्यावर दोन दिवसांत पुरवणी रिपोर्ट आला: तेव्हा 12 टक्के, आता 9. तीन टक्क्यांचा हा फरक सुधारणा म्हणण्याजोगा नव्हता. त्रासही कायम असल्याने डॉक्टरांनी अँजिओग्राफी ठरवली.

याच केंद्रात स्टेंट बसवलेल्यांसाठी वार्षिक पुनर्तपासणीचे पॅकेज आहे. लक्षणे नसताना ते घेऊ नये असे माझे मत आहे, कारण 2022 च्या पोस्ट-पीसीआय (पीसीआय म्हणजे अँजिओप्लास्टी) चाचणीत 1,706 जास्त जोखमीच्या रुग्णांमध्ये, एका वर्षाने सरसकट स्ट्रेस तपासणी केल्याने दोन वर्षांतले परिणाम सुधारले नाहीत, आणि किरणोत्सर्ग तर प्रत्येक वेळी शरीरात जातोच. लक्षणांमुळे जावे लागलेच, तर इथे जायला हरकत नाही. मात्र तुलनेची मागणी नोंदणी करतानाच लेखी द्यावी.